मजुरीचा रकाना

हिरकणीचं दूध त्या दिवशी विकलं गेलं होतं का, हे कुणी सांगत नाही.

बाकी गोष्ट सगळ्यांना पाठ. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेलं तान्हं बाळ, आणि मग अंधारात उतरलेला तो उभा कडा. महाराजांनी तिथं बुरूज बांधला, तिची साडीचोळी देऊन पाठवणी केली. इतिहास म्हणा की दंतकथा, रायगडावरचे वाटाडे ती रोज सांगतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे रोज भरून येतात. आईच्या मायेची गोष्ट आहे आणि ती तशीच ऐकावी. पण मी महाडला एका खासगी कचेरीत हिशेब लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी पाचाड-रायगडवाडीतल्या लोकांच्या वह्या भरून देतो. माझ्या डोक्यात भलतेच प्रश्न येतात. कोजागिरी म्हणजे दुधाला मागणी जास्त. उशीर त्यामुळे झाला का? पैसे रोख मिळाले की 'पुढच्या खेपेला बघू' म्हणून थांबवून ठेवलं? आणि ती वर गेली तेव्हा बाळाजवळ नेमकं कोण होतं? कुणी असतं, त्याच्यावर भरवसा असता, तर कडा उतरायची वेळ आली नसती. एकाच बाईच्या अंगावर धंदाही होता आणि पाळणाही, एवढं तरी त्या गोष्टीतून स्पष्ट दिसतं.

तिच्या नावाच्या हिरकणीवाडीतूनच आता रोपवे सुटतो. १९९६ साली तो सुरू झाला आणि गड चार-पाच मिनिटांवर आला. त्याआधी येणारा प्रत्येक माणूस चौदाशेच्या वर पायऱ्या चढायचा, दर वळणावर दम खायचा, आणि जिथं दम खायचा तिथं कुणीतरी ताक, काकडी, लिंबू सरबत घेऊन बसलेलं असायचं. पायरीवाटेवरच्या त्या विक्रीला रोपवेनं मोठा फटका दिला, आणि पायथ्याला गाड्यांची रीघ लावून दुसऱ्या काहींची भरभराटही केली. गडावर आजही बायका ताक विकतात. ताक विकणारीला रोज रोपवेचं तिकीट परवडत नाही, त्यामुळे बहुतेकदा ती आणि तिचं ताक पायऱ्यांनीच चढतात. वर बाजारपेठ म्हणून जोत्यांच्या दोन रांगा दाखवतात, एकेका बाजूला बावीस दुकानं, घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी इतकी उंच. ती खरंच बाजारपेठ होती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भर दुपारी तिथल्या सावलीत टोपली घेऊन बसलेल्या बाईला तो वाद ठाऊक नसतो आणि असला तरी तिला त्याचा काही उपयोग नाही.

पाचाडची गंमत अशी की इथं येणारा माणूस पाचाडला आलेला नसतो. तो गडावर निघालेला असतो, आम्ही वाटेत लागतो. महाडहून पंचवीसेक किलोमीटर, नाते गाव मागे टाकलं की चढण. फार तर जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे चौथरे बघतो, तक्क्याच्या विहिरीपाशी फोटो काढतो आणि घड्याळ बघत पुढे सरकतो. त्याला भूक लागते ती उतरल्यावर. तेव्हा जो समोर दिसेल त्याचं गिऱ्हाईक. शनिवार-रविवार, डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या सहली, चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी, आणि मग ६ जून. राज्याभिषेक सोहळ्याच्या त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. चारच दिवसांनी पाऊस लागतो आणि रस्त्यावर आमची आम्हीच माणसं उरतो.

अशा गावात धंदा हा कधीच एकुलता एक नसतो. भाताचं एक पीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी-वरी, आणि घरातला एक माणूस कुठंतरी चाकरीला. या पट्ट्यातल्या घरांचा संसार पिढ्यान् पिढ्या असाच चालला. आधी ती चाकरी मुंबईत होती. महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी गिरणीत असायचं, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि इकडे बायको शेत करायची. त्याला जोडधंदा असं कुणी नाव दिलं नाही, पण होता तो तोच. फक्त जोड कोणती आणि मूळ कोणतं, हे कुणी ठरवलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. आमचे एक चुलते त्या संपात परत आले ते परत गेलेच नाहीत. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी रस्त्याला टपरी टाकली. चहा, भजी, बिडी-काडी. टपरी वाईट चालत नव्हती. पण तिच्या पाठीमागे महिन्याचा पगार नव्हता, त्यामुळे पहिल्याच लांबलेल्या पावसाळ्यात दुकानातला माल घरात आला आणि दिवाळीपर्यंत खाऊन संपला. 'धंदा बुडाला नाही, आम्ही तो खाल्ला,' असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

म्हणून आमच्या घरात नोकरी सोडून धंदा करायची भाषा कुणी काढत नाही. माझा थोरला भाऊ, दादा, महाडच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात आहे. पाळीची नोकरी. पहिली असली की दुपारनंतर मोकळा, रात्रपाळी असली की सकाळभर झोपेत. घराच्या पडवीत शनिवार-रविवारपुरती खानावळ काढायचं त्यानं ठरवलं तेव्हा त्याच्या हिशेबात सगळं चोख होतं. रस्ता दारावरून जातो. तांदूळ घरचा. दोन मोठे टोप आईकडे होतेच. बाकडी एका मंडपवाल्यानं जुनी म्हणून स्वस्तात दिली. अन्नपदार्थांचा परवाना म्हणजे वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा नुसती नोंदणी लागायची, वर्षाचे शंभर रुपये. 'उद्यम'ची नोंदणी फुकट. घरगुती सिलिंडरवर गिऱ्हाइकाचं रांधता येत नाही, म्हणून एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याची अनामत मात्र जड गेली. पाटी मीच रंगवून आणली. आणि मग दादा येईल-जाईल त्याला सांगू लागला, 'भांडवल असं काही लागलंच नाही रे.'

या वाक्यापाशी मी दरवेळी अडखळतो. गावातल्या अनेकांच्या वह्या मी बघतो आणि 'भांडवल काही लागलं नाही' हे मी जवळजवळ नेहमी पुरुषाच्या तोंडून ऐकलं आहे.

जे थोडं लागलं ते कुठून आलं तेही सांगतो. सिलिंडरची अनामत आणि पहिला किराणा वहिनीच्या बचत गटातून. दादाचा डोळा खरं तर मुद्रा कर्जावर होता. २०१५ साली ती योजना आली, तिच्यातल्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. कागद मीच जमवून दिले. पण बँकेत जायचं म्हणजे वारी कामाच्या दिवशी, म्हणजे खाडा, म्हणजे पगारातून कात्री. दोन खेपांत दादाचा उत्साह मावळला. गटाची बैठक मात्र शेजारच्या ओसरीवर, संध्याकाळी. दहा-बारा बायका, दरमहाची ठरलेली बचत, वहीत सही-अंगठा, आणि ज्या बाईला पैसे हवेत तिची सून कशी, नवरा पितो का, म्हैस आटली का, हे बाकीच्या सगळ्यांना आधीच ठाऊक. कर्ज बुडेल की नाही हे सांगायला याहून चांगला अहवाल कुठली बँक काढणार?

महाडहून पाचाडला येताना लागणारं ते नाते म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. १४ जानेवारी १८९६ ला ते तिथं जन्मले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री असताना गोरवाला समितीनं खेड्यांतल्या कर्जाची पाहणी करून अहवाल दिला. १९५१-५२ च्या त्या पाहणीत दिसलं ते असं की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा एक टक्कासुद्धा नाही; सगळ्यात मोठा वाटा सावकाराचा. बँक खेड्यात पोचली पाहिजे, या त्या अहवालाच्या आग्रहातूनच १९५५ साली स्टेट बँक उभी राहिली. नात्यावरून एसटी जाताना मला हे हमखास आठवतं. सत्तर वर्षांत बँक आली, एटीएम आलं, पेट्रोल पंपावर क्यूआर कोड आला. तरी वहिनीच्या सिलिंडरचे पैसे आले ते ओसरीवरूनच.

एकदा हंगाम संपल्यावर दादानं मला हिशेब घालायला बसवलं. डिसेंबरच्या सहली होऊन गेल्या होत्या, तो खुशीत होता. मी शंभर पानी वही उघडून रकाने आखले. बेसन, तेल, कांदे, मिरच्या, गॅस, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. घरच्या तांदळालाही बाजारभाव लावला, त्यावर दादा जरा कुरकुरला. शेवटी 'शिल्लक' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आकडा काही वाईट नव्हता. वहिनी दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "भावोजी, ह्यात मी कुठं आहे?"

दादा हसला. "अगं, शिल्लक आहे ती तुझीच ना सगळी!"

"माझी असती तर टीव्हीचा हप्ता तिच्यातनं गेला असता का?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. दादा माझ्याकडे बघत राहिला, मी वहीकडे.

आत ती काय करत होती ते सांगायला हवं, नाहीतर या प्रश्नाचं वजन कळणार नाही. तांदळाची भाकरी ही ज्वारीसारखी मुकाट्यानं ऐकणारी वस्तू नाही. पिठाला चिकटपणा नसतो. आधण आलेल्या पाण्यात उकड काढायची, ती हाताला सोसेल न सोसेल अशी गरम असतानाच मळायची, कारण गार झाली की भाकरीच्या कडा फाटतात. परातीत थापताना डाव्या हाताची बोटं गोलाई राखतात, उजवा तळवा फिरतो. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, तोही नेमका; उशीर झाला तर तडकते, पाणी जास्त झालं तर लगदा. मग उलटायची आणि शेवटी तवा सरकवून विस्तवावर फुगवायची. किलोभर पिठाच्या दहा-बारा होतात. साठ माणसांची सहल आली आणि प्रत्येकानं दोन खाल्ल्या तर गणित तुम्हीच घाला. आणि गिऱ्हाइकाला 'चुलीवरची' हवी असते. गॅस असतो पिठल्याला, कुळथाच्या पिठीला, चहाला, भाकरी धुरातच. शनिवारी ती पहाटे चारला उठते. वहिनीच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याच्या कडेचे चटके आहेत, एकावर एक, जुने-नवे. आई चुलीपाशी बसून उकड मळून देते. तिचे गुडघे कामातून गेलेत, पण बसून करायचं काम म्हणून तिला कुणी त्यातून सोडवलेलं नाही.

दादा काय करतो? खोटं बोलणार नाही, तोही खूप करतो. रात्रपाळी उतरून येतो, महाडच्या बाजारातून भाजी आणतो, रस्त्यावर उभा राहून गाड्या बोलावतो, ताटं उचलतो, गल्ल्यावर बसतो. पण त्याला महिन्याच्या अखेरीस एका जागी पगार मिळतो, आणि या दुसऱ्या जागी 'मालक' म्हणतात.

त्या रात्री मला भाताच्या हमीभावाचं आठवलं. केंद्राचा कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा त्याच्याकडे दोन-तीन मापं असतात. बियाणं, खत, मजूर, यांवर शेतकऱ्यानं खिशातून घातलेला पैसा एका मापात. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत धरली की दुसरं माप. जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरलं की तिसरं. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती दुसऱ्या मापावर, आणि तिसरं का नाही धरलं यावर शेतकरी संघटनांचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते भांडण रास्त आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. वहिनी शेतात भात लावते तेव्हा तिची मजुरी दिल्लीत कुठल्यातरी कोष्टकात कागदावर तरी धरली जाते. तोच भात गिरणीतून दळून आला, तिच्याच हातांनी त्याची भाकरी केली, की मजुरी शून्य. चुलीपर्यंत पोचताच त्या हातांची किंमत उतरते.

दुसऱ्या दिवशी मी नवं पान काढलं आणि मजुरीचा रकाना घातला. दर कुठला लावायचा? हॉटेलातल्या आचाऱ्याचा लावला असता तर दादानं वहीच फेकली असती. म्हणून सरकारचा सगळ्यात साधा दर घेतला, रोजगार हमीचा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात तो दिवसाला २९७ रुपये होता. खड्डे खणायचा दर. वहिनीचा एक आणि आईचा एक, असे दोन रोज मी धंद्याच्या प्रत्येक दिवसाला धरले. सहलींच्या दिवसांवर फारसा फरक पडला नाही. साध्या शनिवार-रविवारची शिल्लक मात्र जवळजवळ पुसली गेली. म्हणजे त्या दिवशी धंदा नफ्यात नव्हता. दोन बायका रोजगार हमीच्या दरानं राबत होत्या आणि त्यांचा रोज घरच्या हप्त्यांत जात होता, इतकंच.

नोकरी सांभाळून, थोड्या पैशांत धंदा उभारलेल्यांच्या ज्या गोष्टी आपण मुलांना सांगतो त्या मी त्यानंतर याच नजरेनं वाचायला लागलो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते तेव्हाच बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान चाललं होतं. किर्लोस्कर समूह आपला आरंभ तिथून, १८८८ पासून, धरतो. पगार मुंबईत, धंदा बेळगावात. मग दुकानात बसत कोण होतं? थोरले भाऊ, रामूअण्णा. सायकली खपवायच्या, लोकांना त्या चालवायला शिकवायच्या, पैसे वसूल करायचे, हे सगळं त्यांच्याकडे. पुढे बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला आणि लोखंडानं जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांपुढे तो विकला जाईना तेव्हा वाटही पाहिली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ही पुढची कथा शाळेत येते. रामूअण्णांची येते ती ओझरती. तरी त्यांचं नशीब बरं, दुकानाच्या पाटीवर 'किर्लोस्कर ब्रदर्स' होतं. किती घरांत पाटीवर एकच नाव असतं आणि मागे उभं राहिलेलं माणूस भाऊही नसतं, बायको असते.

दुसरी गोष्ट गिरगावची. १५ मार्च १९५९ ला तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. 'लिज्जत'. ऐंशी रुपयांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि भाषणांत टाळ्या घेतो. मला त्याहून मोठी वाटते ती त्या संस्थेची पद्धत: पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, आणणारीच्या हातावर लाटणावळ ठेवायची. बाई मालकीणही आहे आणि तिची मजुरीही मोजलेली आहे. मालकीण आहेस, मग मजुरी कशाला, असं तिथं कुणी म्हणत नाही. ऐंशी रुपयांची जादू सांगणारे ही गोष्ट सहसा गाळतात.

कायद्याचं थोडक्यात उरकतो, कारण लोक मला ते फार विचारतात. सरकारी नोकर असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे, १९७९ चे ते, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. इथले सरकारी नोकर म्हणूनच 'मिसेसच्या नावानं' म्हणतात. पण घरच्या माणसाचा धंदा असला तरी तो कळवायचा असतो, हे मी सांगितलं की विषय बदलतात. कारखान्यातल्या कामगारानं त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात राबू नये, असं १९४८ च्या कारखाने कायद्यानं घालून दिलं होतं. पडवीत ताटं उचलण्याला तो आडवा येत नव्हता. खासगी नोकरीत नेमणूकपत्राचं मागचं पान वाचावं. बारीक अक्षरात असतं ते तिथंच असतं.

पगार हेच खरं भांडवल, हे दादाचं म्हणणं मात्र मला मान्य करावं लागलं. लॉकडाऊनमध्ये गड बंद होता, महिनोन् महिने एक गाडी आली नाही. चुलत्यांसारखा नुसता टपरीवर असता तर त्यानं पुन्हा माल खाल्ला असता. कारखाना अर्ध्या माणसांवर का होईना चालू झाला आणि घर तरलं. नोकरी धंद्याला पावसाळ्यात पोसते, धंदा नोकरीला उन्हाळ्यात. अर्थात हाही हिशेब एकाच पावसानं मोडू शकतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदी चढली, महाडची बाजारपेठ पाण्यात गेली आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. रस्ते तुटले, पाळ्या बंद पडल्या, गडाकडे तर कुणी फिरकायचंच नव्हतं. दोन पायांवर उभं राहावं म्हणतात. त्या जुलैत दोन्ही पाय एकाच पाण्यात होते. त्या दिवसांत पडवीतल्या बाकड्यांवर आम्ही खाली महाडातून आलेले नातेवाईक झोपवले होते, आणि भाकऱ्या तेव्हाही वहिनीच करत होती. त्यांचा हिशेब मी घातला नाही, घालायचाही नसतो. मोजायचं काय आणि सोडायचं काय, हे घरात राबणाऱ्यानंच ठरवावं, असं मला वाटतं. बाहेरून वही घेऊन आलेल्यानं नव्हे. गल्ल्यावर बसलेल्यानं तर नव्हेच.

२०२५ च्या जुलैमध्ये रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच संध्याकाळी चर्चा सुरू झाली की आता गर्दी वाढणार, मग कुणाची टपरी हटणार आणि कुणाची राहणार. दादाचं म्हणणं, ताटाचा भाव कमी ठेवून गिऱ्हाईक आधी बांधून घ्यावं. पलीकडच्या दोघा-तिघांनीही तेच मनात धरलेलं. म्हणजे सगळे मिळून भाव पाडणार. आणि तो तोटा सोसणार कोण, हे मला आता रकान्यासकट दिसत होतं.

वहिनीनं मला काही विचारलं नाही. वहीचं ते मजुरीचं पान मात्र ती गटाच्या बैठकीला घेऊन गेली. तिथं काय झालं ते मला आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. गटातल्या बऱ्याच जणींच्या घरी सुट्टीच्या दिवशी काही ना काही चालतंच: कुणाचं जेवण, कुणाचा नाश्ता, कुणी गडावर ताक नेते, कुणी मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन रस्त्याला बसते. पान हातोहात फिरलं. एकीनं विचारलं, लाकडं गोळा करून आणते ती कुठं धरलीत? ती माझ्या रकान्यात नव्हतीच. मग लाकडाची मोळी आली, भांडी घासणं आलं, आदल्या रात्री कांदे सोलणं आलं. बऱ्याच हुज्जतीनंतर जेवण घालणाऱ्या बायकांनी ताटाचा एक भाव ठरवला. दादाच्या भावापेक्षा बराच वर.

"गिऱ्हाईक तुटेल," दादा म्हणाला.

"तुटू दे की. मग झोपेन मी रविवारी," वहिनी म्हणाली.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याकडच्या एका शाळेतल्या सरांचा फोन आला. मी तिथंच होतो. साठ मुलं, चार शिक्षक, पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. पाटीवरचा नंबर दादाचा, पण तो पहिल्या पाळीला गेलेला आणि फोन त्या दिवशी घरीच विसरलेला. वहिनीनं उचलला. भाव सांगितला. सर घासाघीस करायला लागले. मुलं लहान आहेत, दोन-दोन भाकऱ्या खाणार नाहीत, आम्ही दरवर्षी येऊ. वहिनी हं हं करत कांदा चिरत राहिली. शेवटी सर म्हणाले, पुढच्या वळणावर एक खानावळ आहे, तिथं स्वस्तात होईल, आम्ही तिथं विचारतो.

"विचारा की सर. नंबर देऊ का तिचा?" वहिनी म्हणाली. "आमच्या गटातलीच आहे ती. भाव हाच सांगेल. पण तिच्या हातचं पिठलं माझ्यापेक्षा बरं असतं."